जुन्या डॅटसनची टेललाईट: कुठे शोधायची, किती मोजायचे

प्रश्न थोडक्यात असा. सिॲटलमध्ये राहणाऱ्या एका वाचकाकडे १९७२ची डॅटसन २४०झेड आहे. पार्किंगमध्ये कुणीतरी मागून ठोकली आणि डाव्या टेललाईटची काच गेली. जपानच्या ऑनलाइन लिलावात फेअरलेडी झेडच्या (२४०झेडच्या जपानी भावंडाच्या) टेललाईटची जोडी ४५,००० येनला मांडली आहे, तिच्यात इंडिकेटरचा भाग पिवळा आहे. अमेरिकेत कुणीतरी नव्याने बनवलेली जोडी त्याहून स्वस्तात मिळते. त्यांचं विचारणं असं, की जपानी विक्रेता 'फार दुर्मिळ' म्हणून सांगतोय ती किंमत खरी आहे की थाप?

तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून हे ठरवता येत नाही. सगळ्या फोटोंत दिवे पुढून दिसतात आणि पुढून ते छानच आहेत. मागची बाजू एकाही फोटोत नाही. मी नागोयाजवळ राहून जुन्या जपानी गाड्यांचे भाग शोधून द्यायचं काम करतो आणि टेललाईटच्या बाबतीत भाव करायला बसतो तो मागचा फोटो आल्यावरच. पण त्याच्याही आधीचा मुद्दा म्हणजे, ही जोडी तुमच्या गाडीची आहे का?

तुमची गाडी अमेरिकेसाठी बनलेली. अमेरिकेच्या नियमांत मागचा इंडिकेटर लाल चालतो, म्हणून तिकडच्या २४०झेडची काच रिव्हर्सचा पांढरा भाग सोडला तर सगळी लाल. जपानातल्या फेअरलेडी झेडला इंडिकेटर पिवळा. पिवळा इंडिकेटर अमेरिकेतही कायदेशीर आहे आणि तिकडच्या झेडवाल्यांना त्याचं वेड आहे, त्यामुळे जपानी जोडीला मागणी असते. तुम्हाला तो बदल हवा असेल तर हरकत नाही. पण गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी ठेवायची असेल, तर या जोडीचा तुम्हाला उपयोग शून्य, मग ती कितीही दुर्मिळ असो. तुमची फक्त डावी काच फुटली आहे. म्हणजे तुम्हाला एक डावी, लाल, अमेरिकन काच हवी, आणि ती शोधायची जागा तुमच्याच देशात आहे.

फुटलेल्या काचेचे तुकडे टाकले नसतील तर धुऊन उजेडात धरा. अमेरिकेसाठीच्या काचेवर 'एसएई' (अमेरिकेतल्या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकाची खूण) आणि त्यापुढे काही अक्षरं उठावात असतात. ती अक्षरं म्हणजे त्या काचेच्या कामांची यादी: 'ए' म्हणजे मागच्या गाडीचा उजेड परत फेकणारा रिफ्लेक्टर, 'आय' इंडिकेटर, 'आर' रिव्हर्स, 'एस' ब्रेक, 'टी' टेल. त्यापुढचे दोन आकडे त्या मानकाचं वर्ष सांगतात, गाडीचं नाही. '७०' वाचून १९७०च्या गाडीची काच म्हणून विकणारे पुष्कळ भेटतात, तिकडे लक्ष देऊ नका. काचेवर गोलात 'ई' आणि शेजारी ४३ दिसलं तर मात्र थांबा. 'ई' ही गाड्यांच्या मानकांबद्दलच्या एका आंतरराष्ट्रीय कराराची खूण, ४३ हा त्यातला जपानचा क्रमांक, आणि जपान त्या करारात आला १९९८मध्ये. म्हणजे ती काच सत्तरच्या दशकातली असूच शकत नाही, खोका कितीही जुनापुराणा दिसो.

त्याच काचेवर बनवणाऱ्याचं नावही असतं. जपानी गाड्यांचे दिवे मुख्यतः तीन कंपन्यांकडून यायचे: कोईतो, स्टॅनली आणि इचिको. इचिकोच्या काचेवर बहुतेकदा 'आयकेआय' एवढंच लिहिलेलं असतं. नावाशेजारचा आकडा लिहून ठेवा, तुमच्या शोधाची किल्ली तीच. निसान (डॅटसन हे तिचंच नाव) किंवा टोयोटाचा पार्ट नंबर खोक्यावर असतो आणि खोका पन्नास वर्षांत कधीच हरवलेला असतो. दिवा बनवणाऱ्याचा आकडा प्लास्टिकमध्येच ओतलेला असल्यामुळे तो जात नाही. जुनं गॅरेज किंवा दुकान रिकामं करणाऱ्या माणसाला हा दिवा कुठल्या गाडीचा हे ठाऊक नसतं. तो 'जुन्या गाडीची टेललाईट, मॉडेल माहीत नाही' असं लिहून काचेवरचा आकडा तेवढा देतो. गाडीच्या नावाने शोधणाऱ्यांना ही जाहिरात दिसतच नाही. स्वस्तातला माल बहुतेक वेळा याच वाटेने मिळतो.

पार्ट नंबरही उपयोगी आहेत, पण बाजू ओळखण्यापुरते. निसानमध्ये २६५५० ने सुरू होणारा उजवा दिवा, २६५५५ डावा. टोयोटात ८१५५० उजवा, ८१५६० डावा. होंडात ३३५०० आणि ३३५५०. माझदाच्या नंबरात मधे ५१-१५० असेल तर उजवा, ५१-१६० असेल तर डावा. उजवा-डावा हे नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून ठरतं, गाडीमागे उभं राहून नाही. हसू नका, यात चुकलेली पार्सलं दर महिन्याला परत जातात.

आता आवृत्त्यांचा घोळ. विक्रेते 'एस३०' लिहून मोकळे होतात, पण एस३० हे अनेक वर्षं चाललेल्या पहिल्या पिढीतल्या सगळ्याच झेडचं नाव. १९७४च्या २६०झेडपासून मागचं पॅनल बदललं आणि रिव्हर्सचा दिवा टेललाईटमधून निघून वेगळा झाला. तो दिवा तुमच्या गाडीत बसणार नाही. टोयोटाच्या एई८६मध्येही (ऐंशीच्या दशकातली कोरोला) तीच गत: १९८३ची आणि १९८५च्या फेसलिफ्टनंतरची अशा दोन तऱ्हा, शिवाय तीन दारी आणि दोन दारी गाडीचे दिवे निरनिराळे. जपानी लोक आधीच्याला झेन्की आणि नंतरच्याला कोउकी म्हणतात, आणि जाहिरातीत हे शब्द नसतील तर विचारल्याशिवाय बोली लावू नये.

खरा दुर्मिळ दिवा कसा असतो याचं उदाहरण हवं तर ५१० ब्लूबर्डची कूपे घ्या. अमेरिकेत हीच गाडी डॅटसन ५१० नावाने ढिगाने विकली गेली, त्यामुळे सेडानच्या काचा अजून हाताला लागतात. १९६८ची कूपे मात्र तिकडे गेलीच नाही. तिच्या मागच्या इंडिकेटरमध्ये तीन कप्पे आणि उजेड आतून बाहेर सरकत जायचा. आज महागड्या गाड्यांत असतो तसाच, फक्त अर्धशतक आधी. लोक नुसत्या काचा घेऊन बसतात आणि तो उजेड पुढे सरकवणारं यंत्र विसरतात. त्याच्याशिवाय तिन्ही कप्पे एकदम लुकलुकतात. अशा दिव्याचा भाव करताना काच, तिच्यामागचा पत्र्याचा डबा आणि ते यंत्र यांचा वेगवेगळा हिशेब करावा लागतो.

शोधायचं कुठे, तर मुख्य बाजार याहू जपानचा लिलावच. जपानी अक्षरांत टंकून शोधा, इंग्रजीत टंकलं तर हाती लागतो तो परदेशी गिऱ्हाइकासाठी मांडलेला महाग माल. जपानाबाहेर राहून बोली लावायला मध्यस्थ कंपनी लागते. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की बहुतेक लिलावांची वेळ आपोआप वाढते, त्यामुळे शेवटच्या सेकंदाला झडप घालण्याची युक्ती इथे चालत नाही. आपला आकडा आधी ठरवायचा आणि झोपायचं. 'जंक' असं लिहिलेलं दिसलं की घाबरू नका, पण तक्रारीला वाव नाही एवढं समजा. काही विक्रेते तपासायचा कंटाळा म्हणून चांगल्या मालालाही जंक लिहितात. जाहिरातीत 'वारे' म्हणजे फूट, 'हिबी' म्हणजे तडा, 'काके' म्हणजे टवका, 'इरोआसे' म्हणजे रंग उडालेला. मशीन भाषांतर या शब्दांचं काहीही करतं, म्हणून मूळ शब्दच ओळखायला शिका.

मेर्कारी या वापरलेल्या वस्तूंच्या ॲपवर घरगुती विक्रेते जास्त, अप गॅरेज या वापरलेल्या भागांच्या साखळीच्या दुकानांत माल नव्वदीच्या गाड्यांचा जास्त. फेब्रुवारीत योकोहामाला पॅसिफिको सभागृहात 'नॉस्टॅल्जिक टू डेज' हे जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, तिथे सुट्या भागांचे स्टॉल असतात. भाव चढे असले तरी वस्तू हातात घेऊन बघता येते. भंगाराच्या वाड्यांवर आता आशा ठेवू नका. २००५च्या जानेवारीत गाड्यांच्या पुनर्वापराचा कायदा लागू झाल्यापासून तिथलं सगळं काम नोंदणीने चालतं आणि सत्तरच्या दशकातल्या गाड्या तिथे पोचतच नाहीत. जुना माल आहे तो गावाकडच्या बंद पडलेल्या गॅरेजांच्या माळ्यांवर आणि एकाच गाडीत मुरलेल्या छोट्या दुकानांत. ही दुकानं अनोळखी माणसाच्या 'किंमत काय?' ला उत्तर देत नाहीत. गाडीचा चेसिस नंबर, तिचे दोन फोटो आणि नेमकं काय हवं ते नम्रपणे लिहिलं, तर एखादे दिवशी फडताळातून खोका निघतो.

कंपन्यांनी जुने भाग पुन्हा बनवायला घेतले आहेत हे खरं. निसानने २०१७च्या अखेरीस आर३२ स्कायलाइन जीटी-आरपासून सुरुवात केली, टोयोटाने २०२०मध्ये सुप्रा आणि २०००जीटीपासून. तुमच्या २४०झेडच्या काचेसाठी त्या भरवशावर थांबू नका. एका काचेसाठी लागणारा साचा इतका महाग असतो, की थोड्या नगांसाठी तो पुन्हा करणं परवडत नाही.

मागच्या फोटोत काय बघायचं? जुन्या टेललाईटची 'काच' म्हणजे अ‍ॅक्रिलिक. ती स्क्रूने आवळलेली असेल तर पहिला तडा स्क्रूच्या भोकाशी पडतो, कारण कुठल्यातरी मेकॅनिकने गॅस्केट (पाणी अडवणारं रबर) कडक झालं म्हणून पाणी थांबवायला स्क्रू जास्त पिळलेला असतो. म्हणून विक्रेत्याकडे प्रत्येक भोकाचा जवळून फोटो मागा. दुसरा फोटो अंधारात, मागून मोबाईलची बॅटरी लावून. पुढून अखंड दिसणारी काच अशा उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारखी चिरलेली निघते. या बारीक चिरा ऊन, बल्बची उष्णता आणि चुकीच्या द्रावणाने पुसणं यांतून येतात. पेट्रोल, थिनर किंवा ब्रेक क्लीनरने अ‍ॅक्रिलिक पुसलं की चिरा दुसऱ्या दिवशीही दिसू लागतात. आतून आलेल्या चिरा कुठल्याही पॉलिशने जात नाहीत. साबण आणि कोमट पाणी, बस्स.

'नवं, न वापरलेलं' असा दावा असेल तर त्याच भोकांकडे बघा. स्क्रूच्या डोक्याने पडलेलं कडं असेल तर दिवा एकदा तरी बसवला होता. डबा पत्र्याचा असेल तर तळाशी गंज आणि होल्डरभोवती पांढरट पूड दिसेल. म्हणजे पाणी शिरत होतं आणि अर्थिंगचा त्रास ठरलेला. भोवतीची पट्टी जस्ताच्या ओतीव धातूची असेल आणि तिच्यावर फोड आले असतील, तर तिचं पुन्हा क्रोमिंग काचेपेक्षा महाग पडू शकतं, कारण प्रत्येक फोड कोरून तांब्याने भरावा लागतो.

आता हिशेब. विक्रेते मागतात ते आकडे सोडा, संपलेल्या लिलावांत प्रत्यक्ष मोजले गेलेले आकडे बघा. समजा तिथे तडा नसलेली, रंग चांगला असलेली जपानी जोडी ५० हजार येनच्या आसपास गेलेली दिसली. तुमच्या जोडीचं गॅस्केट गेलेलं धरा, दोन्ही बाजूंचे ६ हजार वजा. काच घासून चकाकी आणायला ५ हजार. डाव्या काचेला भोकाशी तडा निघाला, तर दुरुस्ती आणि पुढे विकताना होणारं नुकसान मिळून १२ हजार. उरले २७. मागून काच स्वच्छ निघाली तर फक्त गॅस्केट वजा करून ४४, म्हणजे विक्रेत्याचे ४५ रास्त. न दाखवलेल्या एका बाजूची किंमत अशी १७ हजार येन होते. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या आठवड्याचे तुम्ही घाला. शिपिंग यातून वजा करू नका, कारण ५० हजारांची जोडी घेणाऱ्यानेही ते वेगळं भरलं होतं. अमेरिकेतल्या नव्या जोडीशी तुलना करताना मात्र शिपिंग, मध्यस्थाची फी आणि कस्टम ड्यूटी धरायलाच हवी.

येनकडेही लक्ष ठेवा. २०२१च्या सुरुवातीला डॉलरला १०५च्या आतबाहेर येन मिळायचे, २०२४च्या उन्हाळ्यात १६०च्या घरात. तुम्हाला स्वस्त वाटतं ते सगळ्याच डॉलरवाल्यांना वाटतं, म्हणून येनमधले भाव चढले. त्यात अमेरिकेत २५ वर्षं झालेली गाडी आयात करता येत असल्यामुळे स्कायलाइनसारख्या गाड्यांच्या दिव्यांना दरवर्षी नवं गिऱ्हाईक मिळतं. तुमच्या झेडला तो नियम लागत नाही, ती तिकडे मुळातच विकली गेली होती.

एका बाजूची काच घेताना लोक हमखास नवीकोरी शोधतात. माझा सल्ला उलटा आहे. तुमच्या उजव्या काचेने पन्नास वर्षं ऊन खाल्लं आहे, तिचा लाल रंग थोडा नारिंगीकडे झुकला असणार. शेजारी कोरी डावी लावली की दोन्ही वेगळ्या गाड्यांच्या दिसतील. पॉलिशने पृष्ठभाग सुधारतो, उडालेला रंग परत येत नाही. म्हणून उन्हातल्या राज्यातून, उदाहरणार्थ ॲरिझोनातून आलेली काच घेताना रंग ताडून घ्या आणि शक्यतो तितकीच वापरलेली निवडा. जोडी एकाच गाडीची असली की तिला दोन सुट्या काचांच्या बेरजेपेक्षा जास्त भाव मिळतो तो याचमुळे.

नव्याने बनवलेल्या जोडीला मी नाक मुरडत नाही. रोज चालवायच्या गाडीला ती चांगली. फक्त ती साच्यात दाबून बनवलेली आहे की राळ ओतून, हे विचारा. ओतीव राळेची काच काही वर्षांत पिवळट पडते आणि बल्बच्या उष्णतेने वाकू शकते. तपासायचं तर रात्री दहा पावलांवर उभं राहून कपाळाजवळ बॅटरी धरा आणि काचेकडे बघा. मूळ रिफ्लेक्टरचा भाग झगझगीत पेटतो. नकलेत तो भाग मेलेला असेल, तर रस्त्याकडेला बंद पडलेली तुमची गाडी मागच्याला दिसणार नाही.

तडा लहान असेल तर दुरुस्ती होते. पुण्या-मुंबईत अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या करणारे कारागीर क्लोरोफॉर्मचा थेंब सुईने सांध्यात सोडतात, तो आपोआप आत ओढला जातो आणि दोन्ही कडा विरघळून एक होतात. काचेच्या तड्यालाही तेच तत्त्व. खिडक्या उघड्या ठेवून, आणि आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर हात बसवून. फेव्हिक्विक लावू नका, भोवती पांढरी धुरकट झाक येते ती निघत नाही. आणि जास्त वॅटचा बल्ब लावायचा मोह टाळा, आतून काच वितळते.

गॅस्केटवर पैसे वाचवू नका असं मी प्रत्येकाला सांगतो, झेडवाल्यांना जास्त जोर देऊन. या गाडीत मागून धुराचा वास आत येतो ही जुनी तक्रार आहे. डिकीच्या रबराबरोबर टेललाईटचं कुजलेलं गॅस्केटही त्याला कारण असतं. दिवे काढलेच आहेत तर दोन्हीकडची गॅस्केट बदला.

महाराष्ट्रातून मला याच धर्तीवर विचारणा येते ती बहुतेक पहिल्या मारुती ८००ची. डिसेंबर १९८३मध्ये आलेली ती एसएस८० म्हणजे मुळात सुझुकीचीच गाडी, आणि सुरुवातीला तिचे भाग जपानहून येऊन गुडगावात जोडले जायचे. तिच्या दिव्यांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात आधी फिरा. १९८६नंतरच्या ८००चे दिवे तिला बसत नाहीत, दुकानदार काहीही म्हणो. काचेवर जपानी नाव आहे की ल्युमॅक्ससारखं देशी, ते पाहून गाडीच्या वर्षाशी ताडा.

शेवटचं पार्सल. मध्यस्थाला लेखी सांगा: प्रत्येक दिवा वेगळा गुंडाळायचा, काचेच्या तोंडाशी कडक काही नको, बल्ब काढून घ्यायचे, खोक्यात खोका. काच डब्यातून सुटत असेल तर सुटीच पाठवायला सांगा, कारण धक्का बसला की डब्याचं वजन स्क्रूच्या भोकांवर येतं. आणि आज रात्री बोली लावण्याआधी विक्रेत्याला मागच्या बाजूचा फोटो मागा. फोटो आला नाही तर २७ हजारांवर थांबा.